राखीव जोडी

दुबईहून अबुधाबीला जाताना घंतूतची पाटी मागे पडली आणि सुजीतच्या कमरेला लटकलेला कंट्रोलर ओरडायला लागला.

"बॅटरी," सुजीत म्हणाला. एवढंच.

"आई, राखीव जोडी काढा. पटकन!" शुभ्रानं आरशातून मागे पाहिलं. गाडी एकशे वीसवर होती आणि डावीकडून मोठाल्या गाड्या अंगावर आल्यासारख्या जात होत्या.

शोभनाबाई मागच्या सीटवर नातीशेजारी काळी बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. या बॅगेचं काम एकच, सुजीत जाईल तिथे त्याच्या मागे जायचं. चौदा महिन्यांपूर्वी अबुधाबीच्या डॉक्टरांनी त्याच्या हृदयाला एक पंप शिवला होता. एक्केचाळीसाव्या वर्षी हृदयानं हात टेकले होते आणि रक्त ढकलायचं काम आता हा पंप करत होता. पंपाची वायर पोटातून बाहेर यायची ती कमरेच्या कंट्रोलरला, आणि कंट्रोलर दोन बॅटऱ्यांना. अशा दोन जोड्या होत्या. एक अंगावर, दुसरी घरी चार्जरवर, आणि घराबाहेर पडताना ती दुसरी या बॅगेत. कुणाचं तरी हृदय मिळेपर्यंत असंच चालायचं होतं.

शोभनाबाईंनी पहिली बॅटरी काढली आणि तिच्यावरचं बारकं बटण दाबलं. चार दिवे लागायला हवे होते. एकही लागला नाही.

"बटण नीट दाबा आई."

"दाबलंय गं."

दुसरीवर एक दिवा लागला, तोही लुकलुकत. शोभनाबाईंनी दोन्ही बॅटऱ्या अशा हातात धरल्या की जणू अंगातली ऊबच त्यांच्यात जाणार होती.

शुभ्रानं गाडी कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले आणि एका हातानं हॉस्पिटलला फोन लावला. दुसऱ्या हातानं ती सीटबेल्ट सोडायला गेली, तो सुटेना. सुजीत मात्र शांत होता. त्यानं आईच्या हातातून ती एका दिव्याची बॅटरी घेतली, अंगावरची एक काढली, ही लावली, आणि खिडकीतून बाहेर बघत बसला. बाहेर बघण्यासारखं काय होतं? वाळू, कुंपण आणि दोन खजुराची झाडं. किती धीराचा आहे माझा मुलगा, असं शोभनाबाईंच्या मनात आलं आणि त्यांना रडू फुटलं.

त्या एका दिव्यावर ते हॉस्पिटलपर्यंत पोचले. दारात स्ट्रेचर, वायर आणि चार माणसं तयार होती. सुजीतला भिंतीतल्या विजेवर घेतलं तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पंपाच्या पेशंटांचं सगळं बघणारी नौशीन म्हणून मुलगी होती. मूळची हैदराबादची, बोलायला गोड, पण कामात पक्की. तिनं बॅटऱ्या तपासल्या, काहीतरी लिहून घेतलं आणि शांतपणे विचारलं,

"बॅटरीज़ तो ठीक हैं। कल से चार्ज ही नहीं हुईं। घर पे चार्जर किसने बंद किया?"

शुभ्राची मान वळली, आणि सुजीत-शुभ्राची नऊ वर्षांची लेक आभासुद्धा आजीकडे बघायला लागली.

आता यात त्यांची तरी काय चूक म्हणायची? शोभनाबाई आणि विजेचं बटण ही जोडी साऱ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होती. पुण्यात महापालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. रोज शाळा सुटली की चौदा वर्गांचे पंखे आणि दिवे स्वतःच्या हातानं बंद करून मगच त्या फाटकाबाहेर पडायच्या. ती खोड घरी आली आणि राहिली. एकदा कोल्हापूरला लग्नाला जाताना त्यांनी फ्रिज बंद केला आणि परत आल्यावर गुणवंतरावांनी, म्हणजे यजमानांनी, नाकाला रुमाल बांधून तो धुतला. दुबईत आल्यापासून वायफायचं बटण बंद करून त्यांनी शुभ्राची ऑफिसची मीटिंग तीनदा तोडली होती. आभा त्यांना 'स्विच पोलीस' म्हणायची. माणूस खोलीतून बाहेर पडला की यांचा हात बटणावर गेलाच. आपण बंद केलं हे त्यांना पुढच्या क्षणाला आठवायचंही नाही.

म्हणून त्या म्हणाल्या, "मीच असणार. मुझसे हुआ होगा बेटा."

नौशीननं लिहिणं थांबवलं. "आंटी, घबराइए मत। आपसे हुआ तो हम ट्रेनिंग दुबारा करवा देंगे। ऐसा हो जाता है।" मग तिनं सुजीतकडे पाहिलं. "मुश्किल तब होती है जब पेशंट ख़ुद लापरवाही करे। फिर कमिटी ट्रान्सप्लांट की लिस्ट से नाम निकाल देती है। हार्ट इतने कम आते हैं, जो मशीन न सँभाले उसको कैसे दें?"

"बरोबर आहे," सुजीत मराठीतच म्हणाला.

अल मनखूलच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या दिवशी आभानं लाल टेप आणली आणि चार्जरच्या बटणावर चिकटवली. वर स्केचपेननं लिहिलं, 'आजी NO!!' टेप वाकडीतिकडी लागली होती, एक टोक तर भिंतीपर्यंत गेलं होतं.

"आजी, डोन्ट टच. नॉट इव्हन बाय मिस्टेक. प्रॉमिस?"

"प्रॉमिस गं बाई."

"से इट प्रॉपर्ली."

"आय प्रॉमिस, हेडबाई."

शुभ्रा सासूला एका शब्दानंही बोलली नव्हती, आणि शोभनाबाईंना तेच जास्त लागलं होतं. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शुभ्रा सकाळी सातला बॅग उघडायची, दोन्ही बॅटऱ्यांची बटणं दाबून बघायची आणि ऊद मेथाला ऑफिसला जायची. दुपारी फोन करून विचारायची, "आई, चार्जरचे दिवे हिरवे आहेत ना?" संध्याकाळी आल्यावर चपलासुद्धा न काढता आधी चार्जरकडे जायची. रात्री सुजीत झोपताना भिंतीच्या विजेवर जायचा. ती वायर निघाली तर सगळी इमारत जागी होईल असा भोंगा वाजायचा, तिची काही काळजी नव्हती. पण चार्जर बंद पडला तर कुणी ओरडत नाही. दिवे विझतात, एवढंच.

शोभनाबाई त्या कोपऱ्यावरून जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून जायच्या. शाळेत पोरांना शिक्षा करायच्या ना, तशा.

सुजीत दिवसभर हॉलमध्ये खुर्चीत असायचा. टीव्ही चालू, आवाज बारीक. पूर्वी हा पोरगा घरात टिकायचा नाही, शनिवारी पहाटे उठून समुद्रावर पोहायला जायचा. आता पाणी वर्ज्य. पोटातून वायर निघते तिथे थेंबसुद्धा जायला नको, म्हणून आंघोळही ओल्या फडक्यानं. शोभनाबाई त्याच्या पुढ्यात शिरा ठेवायच्या, थालीपीठ ठेवायच्या, तो दोन घास खाऊन "छान झालंय" म्हणायचा. रोज 'छान झालंय', एकाच सुरात. त्यापेक्षा मीठ जास्त झालंय म्हणाला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

मंगळवारी अकराच्या सुमाराला त्या खाली कोथिंबीर आणायला गेल्या. मल्याळी दुकानदारानं दोन दिरहम सांगितले. "म्हणजे जवळजवळ पन्नास रुपयांची जुडी! सोनं विकतोस का रे?" असं त्याला मराठीतच सुनावून त्या वर आल्या. फार तर वीस मिनिटं झाली असतील. दार उघडलं, चपला काढल्या, आणि सवयीनं चार्जरकडे नजर गेली.

दिवे विझलेले होते.

त्या जवळ गेल्या. लाल टेप जागेवर होती, 'आजी NO!!' तसंच होतं. पण टेपखाली बटण वर होतं, बंद. शोभनाबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. एका हातात पिशवी, एका हातात किल्ली. सकाळी मी इथून गेले होते का? हात पाठीमागे होते का? त्यांना आठवेना. खरंच आपलं डोकं चालेनासं झालं की काय!

मग त्यांना दिसलं. टेप सरळ होती.

आभानं वाकडी लावली होती, एक टोक भिंतीवर. आता चारी कडा बटणाच्या पट्टीला जुळवून, एकही सुरकुती न ठेवता, कुणीतरी बोटानं दाबून बसवली होती. सुजीत शाळेत असताना आपल्या वह्यापुस्तकांना कव्हरं घालायचा. आख्ख्या वर्गात तशी कव्हरं कुणाची नसायची.

"सुजीत."

"हं."

"चार्जर बंद आहे."

तो टीव्हीकडेच बघत होता. "तूच केलं असशील आई. तुझी सवय आहे ना."

कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं त्यांना. पिशवी हातातच होती. त्यांनी ती हळूच जमिनीवर ठेवली.

"टेप सरळ आहे रे."

सुजीतनं रिमोट हातात घेतला, टीव्हीचा होता नव्हता तो आवाजही बंद केला. खाली रस्त्यावर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याची पीप पीप तेवढी ऐकू येत होती.

"आणि त्या दिवशी? गाडीत?"

त्यानं रिमोट उलटा करून मांडीवर ठेवला. शोभनाबाईंना उत्तर मिळालं.

"अरे पण का? अरे गाढवा, का?"

"मी काही करत नाही आई." तो खूप सावकाश बोलत होता, शब्द कुठून तरी वर ओढून काढल्यासारखे. "फक्त चालू ठेवत नाही. बघू, म्हटलं. कुणाच्या लक्षात आलं तर आलं." मग त्यानं कमरेचा कंट्रोलर चाचपला. "आतमध्ये चोवीस तास घुंघूं चालू असतं गं. झोपेत पण. शुभ्रा ऑफिसला जाते, आभा शाळेत जाते, तू स्वयंपाक करतेस, आणि मी दिवे मोजतो. थकलो मी. नुसता थकलो."

एक थोबाडीत ठेवून द्यावी असं शोभनाबाईंना वाटलं. हात उचललाही. पण या देहाला मारायचं तरी कुठे? सगळीकडून वायरी. त्या त्याच्या खुर्चीच्या हातावर टेकल्या आणि तोच हात त्याच्या पाठीवर ठेवला. सदऱ्यातून ती घरघर त्यांच्या तळव्याला लागली. शेजारच्या घरात मिक्सर चालू असला की भिंतीला हात लावल्यावर लागते तशी.

"शुभ्राला सांगते मी."

"नको." तो पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळला. "तिला सांगितलंस तर ती नौशीनला सांगणार. ती सांगितल्याशिवाय राहणार नाही. मग यादीतलं नाव गेलं. मग खरंच खलास, आई."

शोभनाबाईंनी ते वाक्य झेललं आणि गच्च धरून ठेवलं. यादीतलं नाव जाईल म्हणून हा घाबरतोय! ज्याला जगायचंच नाही त्याला यादीची कशाला पडलीय? म्हणजे कुठेतरी आत याला अजून हवंय. म्हणजे अजून काही गेलेलं नाही. त्या उठल्या, टेप काढली आणि बटण खाली केलं. चार्जरवर पिवळे दिवे लागले. नुकत्याच अंगावरून उतरवलेल्या बॅटऱ्या, हिरवे व्हायला निदान चार तास तरी लागणार होते.

आणि नेमकी त्याच दिवशी आभाची शाळा लवकर सुटली होती. साडेबाराला दारात किल्ली फिरली. शुभ्रा तिला घेऊन आत आली ती सरळ चार्जरपाशी. पिवळे दिवे, सोललेली टेप.

"आई?"

शोभनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सुजीतकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तोंडून निघालं नसतं.

"हात गेला गं."

"टेपवरून?"

"टेपवरून. कोथिंबीर आणायला निघाले, आणि गेला हात."

"आजी! यू प्रॉमिस्ड!" आभा ओरडली, आणि दप्तर टाकून आपल्या खोलीत निघून गेली.

शुभ्रा तिथेच चार्जरजवळ फरशीवर बसली, चपला तशाच पायात. बराच वेळ ती टेपचा तुकडा बोटाला गुंडाळत राहिली.

"गेल्या वेळी मी काही बोलले नाही तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही आमच्यासाठी घरदार सोडून आलात, मला कळतं ते. पण आई, मी ऑफिसात बसलेली असते ना, आणि फोन वाजला की माझे हातपाय गार पडतात. मला एका माणसाची काळजी घेता येते. दोघांवर नजर ठेवायला मी कुठून आणू ताकद?"

"बरोबर आहे तुझं."

"मी काय करू मग, तुम्हीच सांगा."

सुजीत खुर्चीत होता, त्यांच्यापासून सहा पावलांवर. मुका टीव्ही बघत होता. आता बोलेल, असं शोभनाबाईंना वाटलं. आता हा म्हणेल, आईनं नाही केलं. त्यांना ते हवंही होतं आणि नकोही होतं, दोन्ही एकाच वेळी. सुजीतनं चॅनेल बदललं.

दोन दिवसांत सगळं ठरलं. ठरवायला फार काही नव्हतंच. शोभनाबाईंची मुलगी उर्मिला जवळच अजमानला राहायची, तिचे दिवस भरत आले होते. आईनं आता तिच्याकडे जावं हे कुणालाही पटण्यासारखं होतं, कुणाचा अपमान नाही, काही नाही. नौशीननं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि तिलाही ते बरं वाटलं. मशीन आता सुजीत स्वतः सांभाळेल असं तिनं लिहून घेतलं. शुभ्राचं ऑफिस दहा मिनिटांवर, काही लागलं तर ती येईल.

"तसा तो पहिल्यापासूनच व्यवस्थित आहे," शुभ्रा सासूची बॅग भरायला मदत करताना म्हणाली. "राग नका मानू आई. पण त्याचं त्यानं बघितलं ना, तर असं नाही व्हायचं."

शोभनाबाई साड्यांच्या घड्या करत होत्या. एकच घडी त्यांनी तीनदा घातली.

निघायच्या आधी शुभ्रा खाली गाडी काढायला गेली, तेवढ्या वेळात त्या सुजीतसमोर उभ्या राहिल्या.

"रोज सकाळी नऊला मला चार्जरचा फोटो पाठवायचा. दोन्ही बॅटऱ्या आणि हिरवे दिवे. कळलं?"

"पाठवीन."

"शपथ घे."

"आई, काय हे."

"आभाची नको. माझी घे."

तो खुर्चीतून उठला. उठायला त्याला वेळ लागायचा, आधी वायर सावरायची, मग कंट्रोलर, मग स्वतः. त्यानं आईच्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"घेतली," तो म्हणाला. आणि मग, त्यांच्याकडे न बघता, "तू माझ्यासाठी खोटं बोललीस."

"हो. आता मला तोंडघशी पाडू नकोस."

अजमानला उर्मिलाच्या घराच्या खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसायची. शोभनाबाईंनी तिच्याकडे धड एकदाही पाहिलं नसेल. नऊ वाजायच्या आधीपासून त्या फोन हातात घेऊन बसायच्या. पहिल्या दिवशी नऊ वाजून दोन मिनिटांनी फोटो आला. दोन बॅटऱ्या, हिरवे दिवे, बाजूला आभाची कंपासपेटी. दुसऱ्या दिवशी आठ अठ्ठावन्नला, आणि त्यात चहाचा कप. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात सुजीतचाच अंगठा आला होता. त्या अंगठ्याकडे त्या किती वेळ बघत बसल्या कुणास ठाऊक. उर्मिलानं दोनदा हाक मारली तेव्हा भानावर आल्या.

उर्मिलाला काही सांगायची सोय नव्हती, तिच्या पोटात आठ महिन्यांचं बाळ. शुभ्राला सांगायची सोय नव्हती. नौशीनचा नंबर फोनमध्ये होता, त्यावर त्यांनी कितीदा बोट नेलं आणि मागे घेतलं. सांगितलं तर यादी गेली. नाही सांगितलं तर माणूस जाईल की काय ही भीती. दिवसभर त्या लेकीचे पाय चेपायच्या, डिंकाचे लाडू वळायच्या, आणि मनातल्या मनात अल मनखूलच्या त्या कोपऱ्यात उभ्या असायच्या. एका सकाळच्या फोटोसाठी चोवीस तास काढायचे आणि तो आला की पुढचे चोवीस तास मोजायला घ्यायचे. तोही तिकडे दिवेच मोजत असेल.

आठवडा झाल्यावर शुभ्राचा फोन आला. आवाज किती मोकळा झाला होता तिचा!

"आई, तुम्हाला राग येणार नसेल तर एक सांगू? मी या आठवड्यात बॅग एकदाही उघडून बघितली नाही. चार्जरकडेसुद्धा जात नाही आता. सुजीतच करतो सगळं. किती महिन्यांनी मी सलग सात तास झोपले. तुम्ही उर्मिलाकडे गेलात ते दोघींसाठी बरं झालं."

"हो गं," शोभनाबाई म्हणाल्या. "झोपत जा."

फोन ठेवला आणि त्यांच्या लक्षात आलं. आपण केवढं डोकं चालवलं, मुलाला वाचवण्यासाठी सगळं खापर आपल्या डोक्यावर फोडून घेतलं. आणि त्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत तेल घालून बघणारं जे एक माणूस होतं, त्यालाच आपण गाढ झोपवून आलो. चोर घराबाहेर गेला म्हटल्यावर कुलूप कोण तपासणार? पण फोटो येतो आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. रोज नऊला येतो आहे.

त्या सोमवारी उर्मिला नवऱ्याबरोबर तपासणीला गेली होती. घरात कुणी नव्हतं. शोभनाबाई खिडकीशी पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळत होत्या. नऊला पाच मिनिटं असताना फोन वाजला. हात तेलकट, म्हणून करंगळीनं फोटो उघडला. दोन बॅटऱ्या, हिरवे दिवे. शोभनाबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. मग बऱ्याच दिवसांनी त्या चित्र मोठं करून कोपरे बघायला लागल्या, आज काय दिसतंय म्हणून. कप आहे का, आभाचं काही आहे का, बोट आहे का.

डाव्या कोपऱ्यात तपकिरी बाटली होती. झाकण तुटलेलं, म्हणून तोंडाला प्लास्टिकचा तुकडा आणि वर हिरवं रबरबँड.

त्यांनी फोटोतली बाटली पाहिली. मग मांडीजवळची पाहिली. प्लास्टिकचा तुकडा, हिरवं रबरबँड. तीच. तिकडे असताना ती चार्जरशेजारीच असायची, आणि निघताना त्यांनी ती स्वतः साडीत गुंडाळून बॅगेत घातली होती. गेले अकरा दिवस ती इथे होती.

तेलकट बोटांनी त्यांनी आदल्या दिवशीचा फोटो उघडला. बाटली. त्याच्या आदल्या दिवशीचा. तीच बाटली, तीच सावली. तीन दिवस एकच फोटो आला होता, आणि त्या तीनही दिवस त्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता.

कंटाळा आला असेल, असं त्यांना वाटलं. पुरुषाची जात, रोज कोण फोटो काढत बसतं, जुनाच दिला असेल पाठवून. सुजीतला फोन केला तर तो हेच म्हणेल. आणि आपण विश्वास ठेवू. कारण आपल्याला ठेवायचाच आहे. काल नाही का ठेवला? परवा?

शोभनाबाई उठल्या. गुडघ्यावरचं तेल पोटरीवरून ओघळत होतं. यादी, कमिटी, नौशीनचं लिहून घेणं, सगळं क्षणभर डोळ्यांसमोर येऊन गेलं. नाव गेलं तर गेलं. त्यांनी शुभ्राचा नंबर लावला. फोन तेलानं हातातून निसटत होता, तो दोन्ही हातांनी धरला.

"हं, बोला आई. मीटिंगला निघालेय, दोन मिनिटं आहेत. उर्मिलाचं सगळं ठीक ना?"

"शुभ्रा, तू आत्ताच्या आत्ता घरी जा."

"काय झालं?"

"ते बटण मी बंद केलं नव्हतं."

पलीकडे कुणीतरी इंग्रजीत काहीतरी बोलत होतं, हसत होतं. मग एक दार बंद झालं आणि ते आवाज थांबले.

"दोन्ही वेळा?" शुभ्रानं विचारलं.

"दोन्ही वेळा."

फोन तसाच चालू होता. गाडीच्या किल्ल्या वाजल्या, आणि मग जिन्यावरून धावत उतरणारी तिची पावलं शोभनाबाईंना ऐकू यायला लागली.